एकशे पस्तीस अंश

अडावदच्या शाळेच्या व्हरांड्यात
दोन पुस्तकं उघडून बसलेय.
एक चौऱ्याऐंशीचं, आप्पांचं;
पान उलटलं की कडेचा तुकडा हातात येतो.
एक माझं, मागच्या आठवड्यात चोपड्याहून
स्पायरल करून आणलेलं.
जमीन तीच. सातपुडा तोच.
बदललाय तो प्रश्न.

जुनं विचारतं : किती सोसशील?
नवं विचारतं : मोडशील तेव्हा कसा मोडशील?
आधी तुळई झुकू दे, खांब शेवटी.
तडे जाऊ देत, भिंत फुगू दे,
पण चौथीतली पोरं मैदानात पोचेपर्यंत
उभा राहा.
असं काही छापलेलं नाही तिथे.
छापलंय एक गुणोत्तर, एक पूर्णांक चार दशांश.
मी ते असं वाचते.

सायबू तडवीनं खांबाचं प्लास्टर खरवडलं.
आत कड्या, वीतवीत अंतरावर,
टोकं काटकोनात.
"हाललं का उघडतीन," तो म्हणाला,
आणि खिशातून बाइंडिंग वायरचा तुकडा काढून
नखावर वाकवला, आणखी वाकवला,
टोक काँक्रीटच्या पोटात शिरेल इतका.
"असं. मुठीत अंगठा धरल्यासारखं."
कोनमापक नव्हता त्याच्याकडे.

लोटनबापू सरपंच खुर्ची ओढून बसले.
"आठे काय भूकंप येस, बेटा?
चाळीस वरीस व्हयनात. उभी से ना!"
सकाळीच उनपदेवाला अंघोळ करून आलेले,
मानेवरचे केस अजून ओले.
बारा महिने ऊन पाणी;
खाली चूल कुणाची, कुणी विचारत नाही.

आप्पांच्या समासात पेन्सिलीनं बारीक :
खर्च?
मग लोखंडाची आकडेमोड. खोडलेली. पुन्हा तीच.
खाली दोन शब्द : मंजुरी नाही.

जिन्याजवळचा खांब सायबूनं शेवटी खरवडला.
हात थांबला त्याचा.
इथे कड्या चार-चार बोटांवर,
नकाशात नाहीत, मोजमाप-वहीत नाहीत,
कुणाच्या बिलात नाहीत.
मी बोट फिरवलं प्रत्येकीवरून.
टोकं मात्र काटकोनातच.
ते तेव्हा पुस्तकात नव्हतं.

संध्याकाळी अहवालात लिहिलं :
सर्व खांबांना जॅकेट आवश्यक.
'सर्व'खाली रेघ मारली.
तोही धरून.