पाऊणपट

पंचमीला सकाळी दहा वाजता
मी कर्लीच्या खाडीकाठी उतरले.
पिशवीत बेचाळीस प्रश्न, त्यांच्या साठ प्रती.
वाडीतल्या सगळ्या दारांना कड्या.
एका पडवीत म्हातारा जाळं शिवत होता,
मान वर न करता म्हणाला,
"बायलो पाण्यात आसत.
सुकतीक कोण घरात बसता?"

माझ्या वेळापत्रकात सुकती नव्हती.

शेवंतीकाकी कोयंडे कमरेएवढ्या पाण्यातून वर आल्या,
टोपलीत पायांनी चाचपून काढलेले मुळे.
हात ओले, म्हणून फॉर्म मी धरला, त्यांनी वाचला,
सातव्या प्रश्नाशी थांबल्या.
कुटुंबाचे मासिक उत्पन्न.
"म्हयन्याचा कसला? भांगाक वेगळा, उधाणाक वेगळा.
आणि ह्या सांगून आमका काय गावतला?"

बेचाळीसमध्ये हा प्रश्न नव्हता.

वर्गात सरांनी फळ्यावर लिहिलं होतं
लोकसहभागी संशोधन,
मी वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या होत्या.
सहभाग म्हणजे मला वाटलेलं,
त्या सांगतील, मी लिहीन.

मग दीड महिना मी फारसं लिहिलंच नाही.
फिलोमिनाने तिथीची पाऊणपट काढायला शिकवलं:
चवथीक तीनाक भरती, नवाक सुकती,
हातात घड्याळ कित्याक व्हया?
कालवं फोडताना अंगठा कापला,
तेव्हा सगळ्या हसल्या, आणि कुणीतरी
हळद आणायला धावली.

नकाशा त्यांनीच काढला,
शाळेच्या ओट्यावर, गेरूने.
मी उत्तर दिशा विचारली.
त्यांच्या खाडीला उत्तर नव्हती,
एका टोकाला समुद्र होता, दुसऱ्याला पूल.
अनुसया तांडेल एकेक करवंटी उपडी ठेवत गेली
जिथे पंपाने खड्डे पडलेत तिथे तिथे.
करवंट्या संपल्या, मग तिने दगड घेतले.

एका वळणावर शेवंतीकाकींचं बोट थांबलं.
"हय आसत. सासूबायन दाखयल्यान माका.
पण ह्या लिवा नको."
मी पेन खाली ठेवलं.
आजवर मी लिहिलेल्यात बहुधा
तेच सगळ्यांत नीट लिहिलेलं.

अहवाल वाचून दाखवला, त्याच ओट्यावर.
"प्रतिसादक क्रमांक अकरा ह्यो कोण?"
"तुम्ही."
"माका नाव आसा, चेडवा."
गोपनीयतेचं कलम समजावलं. हात वर करून ठरलं:
नऊजणींना नाव हवं, दोघींना नको,
त्या दोघी कोण, हे सगळ्यांना माहीत.
पुढे वाचलं: गेल्या दहा वर्षांत वाळू कमी होत गेली.
अनुसया उठून उभी राहिली.
"गेली नाय. न्हेल्यानी."

तीन पानं मी परत तपासली.
पाणी खारट झालं, शिंपले घटले, काठ ढासळला.
एकाही वाक्याला कर्ता नव्हता.

सरांनी नकाशातल्या कोऱ्या वळणाभोवती
लाल गोल केला: माहिती अपूर्ण?
मी शेजारी पेन्सिलने लिहिलं, अपूर्ण नाही, ठेवलेली आहे,
आणि खोडलं नाही.
ते काय म्हणतील, ठाऊक नाही.
उद्या अकराला कुडाळात तोंडी परीक्षा.

रात्री फोन, काकींचा.
"उद्या प्रतिपदा. येतलंस मा?"
एकाची पाऊणपट पाऊण,
पाऊणला भरती म्हणजे पावणेसाताला सुकती.
पहिली एसटी पाचची.
अकरापर्यंत परतायचं तर
अर्धी टोपली तरी होईल.
हाताला वास राहील.
राहू दे.