जिन्याखालचं कपाट

हॅलिफॅक्सच्या चढावरचं घर. जिन्याखाली,
गॅसच्या मीटरला खेटून, जुना लॅपटॉप
रात्रंदिवस घरघरत असतो.
पडद्याला तडा, एक बटण गायब;
पण फोटो, हिशेब, आईच्या भाजणीचं प्रमाण
सगळं आता तिथे. भाड्याच्या ढगात काही नाही.

मध्यरात्री लॉग वाचतो.
कुठकुठल्या देशांतून दार ठोठावून जातात:
रूट? अ‍ॅडमिन? टेस्ट?
पलीकडे माणूस नसतोच.
तरी मी कडी पुन्हा चाचपतो.

जाहिराती गाळल्या, माग काढणारे उपटले.
एकदाच पाहिलेल्या बुटांनी
अखेर माझा पिच्छा सोडला.
आता कुणाच्याच वहीत मी नाही,
या समाधानात तापाने तीन दिवस पडून राहिलो.

चौथ्या सकाळी खरंच दार वाजलं.
शेजारची मॉरीन क्लेग. अंगात नवऱ्याचा रेनकोट,
हातात मसुराच्या सूपचं पातेलं.
"दूध पायरीवरच आहे तुझं," ती म्हणाली,
"आणि वरचा पडदा शनिवारपासून अर्धा."

तिला माझ्या फोडणीचा वार ठाऊक,
साताऱ्याहून फोन आला की
माझा आवाज किती चढतो, तेही.
कुठल्या अटींखाली, कधी,
मी 'मान्य आहे' म्हटलं होतं?

सूप जरा खारट होतं. सगळं संपवलं.

पातेलं द्यायला जाईन तेव्हा
तिच्या राउटरचा पासवर्ड तेवढा बदलून देईन म्हणतो.
अजून तोच आहे,
डब्याच्या बुडाशी छापलेला.