मार्चमधला लांबचा रस्ता

योआकिमला माझं आडनाव माहीत नव्हतं.
गुरुवारी यायचा, कुओपिओच्या बंदरावरचं वर्कशॉप सुटलं की,
बुटांचा बर्फ दारातच झटकून.
तेवढीच काय ती त्याची शिस्त.
दात घासायचा ब्रश त्यानं कधी ठेवला नाही माझ्याकडे
आणि मीही म्हटलं नाही, ठेव.

त्याला मी वेइक्कोबद्दल सांगितलं.
भावाबद्दल. मार्चअखेरच्या बर्फाबद्दल.
की मी काठावर उभी होते
आणि हाक मारायच्या आधी
पडलेला हातमोजा शोधत बसले.
आईला नाही सांगितलं हे, पाद्र्यालाही नाही.
योआकिमला सांगितलं, निवत चाललेल्या सौनात,
कारण पुढच्या वर्षी तो असणार नव्हता.
त्यानं पाठीवर हात ठेवला. काही विचारलं नाही.
वसंतात हेलसिंकीला निघून गेला.
मी रडले नाही.
हलकं वाटलं, खरं सांगायचं तर.

तापानीला अजून सांगितलेलं नाही.
लग्नाला एकवीस वर्षं झाली.
त्याला माझा पगार माहीत आहे, गुडघ्याचं दुखणं,
घोरणं, आणि रागावले की मी कपाटं पुसते ते.
पण हे ओठांवर आलं की वाटायचं,
उद्या सकाळी कॉफी ओतताना
हा माणूस हे सगळं लक्षात ठेवून
माझ्याकडे बघेल.
परवाही बघेल.

रविवारी त्याच्या आईकडे निघालो.
तळ्यापलीकडे राहते ती:
बर्फावरून बारा मिनिटं, पुलावरून पाऊण तास.
तापानीनं गाडी पुलाकडे वळवली.
मी म्हटलं, बर्फावरचा रस्ता चालू आहे की अजून,
पाटी आहे तशी.
तो म्हणाला, मार्च आहे.
आणि गिअर बदलला.

मग मी मागचे मार्च आठवत गेले.
टायर जुने झालेत.
पेट्रोल तिकडे स्वस्त मिळतं.
आईला त्या वळणावरच्या बेकरीतलाच पाव लागतो.
दरवर्षी नवं कारण, तेही अगदी पटण्यासारखं,
आणि एकदाही बर्फ नाही.

कुणी सांगितलं असेल? माझ्या आईनं? कधी?
विचारलं नाही मी.
हातमोज्याचं मात्र त्याला माहीत असणं शक्य नाही.

तरी खिसे चाचपले तर रिकामे.
माझे हातमोजे
त्यानं कधीतरी काढून समोर ठेवले होते,
दोन्ही,
हीटरच्या तोंडाशी.