खडूची रेघ

विलनहॉलच्या यार्डात सकाळचे आठ.
आधी बॉनेटवर तळहात ठेवला.
कोमट.
"मी यायच्या आत चालू करून पाहिलीत?"
क्लाइव्ह बुटांकडे बघत म्हणाला,
थंडीत जरा आढेवेढे घेते.

मीटरवर नऊ हजार तास,
पण ब्रेकच्या पेडलचं झिजलेलं रबर
वेगळंच काही सांगतं.
फोर्कच्या टाचा कॅलिपरने मोजल्या,
साखळीची कडी न् कडी बोटांनी चाचपली.
नखं काळी झाली, तेव्हा कुठे बरं वाटलं.

मग टनभर फरशांचं पॅलेट वर उचललं,
मास्टवर खडूने रेघ मारली, इंजिन बंद.
दहा मिनिटं आता नुसतं उभं राहायचं.

तेवढ्यात तो बोलायला लागला.
कुलपांचा कारखाना बंद झाला त्या दिवशी
शेवटचा माल हिनेच बाहेर काढला.
चालवायला मोरीन, त्याची बायको.
वळणावर दोनदा हॉर्न द्यायचीच,
शेडमध्ये चिटपाखरू नसलं तरी.

रेघ दोन बोटं खाली सरकली होती.
दोघांनी पाहिली.
सीलचे पैसे वजा करून मी आकडा सांगितला,
त्याने घासाघीस केली नाही.

यादीत हॉर्न तेवढा तपासायचा राहिला होता.
म्हटलं, राहू दे.
घरी नेल्यावर बघू.