गोडं

चिलीच्या किनाऱ्यावर
सलग एकोणीस दिवस धुकं.
एलेउतेरिओची होडी वाळूत पालथी,
आणि तो शेजारी बसून
धुक्याला शिव्यांची लाखोली वाहतोय.

हर्मिनिया काही बोलली नाही.
फाटकं जाळं खांद्यावर टाकून टेकडी चढली,
दोन वाशांना ताणून बांधलं.
खाली सगळे हसले:
"मासे उडायला लागले वाटतं!"

पहाटे जाळ्याच्या गाठीगाठीला थेंब.
पन्हाळीतून डब्यात
टप्.
बराच वेळ काही नाही. मग टप्.

तो धापा टाकत वर आला,
ओंजळभर प्यायला.
गोडं होतं.

डबा अर्धाही भरला नव्हता.
पण त्याने धुक्याकडे पाहिलं,
डोळे बारीक करून,
समुद्रात मासळी हेरताना
पाहतो तसं.