ऊर

साडेपाचला पद्मजाचा फोन येतो.
तिच्याकडं भर दुपार. इथं हरिपूरच्या घाटावर
ऊन एकेक पायरी बघत खाली उतरतंय.
"अप्पा, आज सुट्टी. चला, गाव दाखवते,"
म्हणते आणि चालायला लागते.
मीही उठतो. बसून गाव बघायची सवय नाही,
छत्तीस वर्षं साखळी ओढलीय भूमापन खात्यात.

ती दाखवते तटाची भिंत,
तोफगोळ्यांनी पाडलेले खळगे, त्यात उगवलेलं गवत.
मच्छिमारांची आळी, लाकडी सज्जे, हिरवे, निळे, तांबडे;
होड्या रंगवून उरलेला रंग घरांना लावायचे म्हणे.
मी दाखवतो रस्त्याकडेच्या चिंचा
आणि हळदीची पेवं,
म्हणजे पेवांच्या जागा. पालथ्या घागरीएवढं तोंड,
खाली मात्र दोन पुरुष खोल पोट.
उतरण्याआधी दिवा सोडायचे दोरीनं,
विझला तर माणूस उतरायचा नाही.
"वास येतोय का अजून?" ती विचारते.
महापुरानंतर कसला वास, मी म्हणतो,
आणि बोटं नाकाशी नेतो तरीही.

मग तिची नदी. अलीकडं एक देश, पलीकडं दुसरा,
मध्ये एक इवलंसं बेट:
सहा महिने ह्यांचं, सहा महिने त्यांचं.
मला हसू येतं. आमच्यात विहिरीची पाळी असते तसंच की,
फक्त कुणी मोटर चोरत नाही.
मी तिला सांगत नाही (सांगितलंय शंभरदा)
की नदीएवढी लबाड हद्द नाही.
वारणेनं एका पावसाळ्यात
कोथळीच्या एका शेतकऱ्याचे अकरा गुंठे उचलले
आणि सांगलीच्या बाजूला आणून ठेवले.
सातबारा तिकडं, ऊस इकडं.
मी नकाशावर तुटक रेघ मारली आणि चहा प्यायलो.

"अप्पा, ते बघा!" भरती ओसरलेल्या चिखलात
पांढरे पक्षी, चपट्या चोचीनं पाणी ढवळणारे.
चमचे!
माझ्यासमोरही तीन आहेत, गाळात गुडघाभर.
पासपोर्ट विचारावा तर ह्यांना.

चंपाव्वा वरच्या पायरीवर बसलीय, गुडघे धरून.
जतच्या पलीकडची, उमदीची;
लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, राग अजून कन्नडात येतो.
ती माझ्या हातातून फोन घेते.
"तिकडं नदीला काय म्हणतात गं?"
"इबाई."
"मग बाईच की. आपली कृष्णाबाई, तशी."
थोडं थांबून, चेष्टेत, किंवा चेष्टेत नाही:
"निंदु याव ऊर?"
तुझं गाव कुठलं म्हणून
नव्या सुनेला विचारतात तसं, पोटच्या पोरीला,
चार वर्षं झाली म्हणून.

फोनमध्ये वारा. एक भोंगा.
"अव्वा, इथल्या भाषेत ऊर म्हणजे पाणी."

चंपाव्वा काही बोलत नाही.
तिचं गाव, हिचं पाणी;
माझ्या भाषेत तो शब्द बरगड्यांच्या आत राहतो
आणि भरून येतो.
एवढा एक शब्द, तीन गावांच्या शिवेवर,
आणि हद्दीचा दगड रोवायला जागाच नाही कुठं.

पूल झाल्यापासून तातोबा आंबीच्या नावेला गिऱ्हाईक नाही.
पण तो रोज नाव धुतो.
"पलीकडं सोडू का, साहेब?"
पलीकडं काही काम नाही, मी म्हणतो, आणि बसतो.
तीसुद्धा नावेत बसलीय तिकडं, दोन युरो देऊन,
आठ मिनिटांत दुसऱ्या देशात जाते म्हणे.

संगमावर तातोबा वल्हं उचलून धरतो.
कृष्णेचं पाणी एका रंगाचं, वारणेचं दुसऱ्या,
थोडा वेळ एकमेकांना न शिवता चालतात.
ही रेघ मी कधी काढली नव्हती.

घाटावर चंपाव्वा फोन कानाशी धरून.
तिथून ओरडते,
"अहो, वल्ह्याचा आवाज येतोय!
तुमचा का तिचा?"