शेकडा एक

चौदा वर्षांनी कन्व्हर्टर उघडला.
काळे खडे, हरभऱ्याएवढे,
ड्रमात पडताना लोखंडाचाच आवाज, पण दमलेला.
त्यातले मूठभर ट्रॉम्ब्याच्या आमच्या लॅबमध्ये आले,
पिशवीवर गिचमिड अक्षर:
तळचा थर. पोटॅश किती उरलं, बघा.

नवं असताना शेकडा एक होतं.
डाळीतल्या हिंगाइतकं.
बाकी सगळं लोखंड, आणि थोडा अ‍ॅल्युमिना,
जो कणाकणांत उभा राहून म्हणतो, चिकटू नका रे.
तापलं की लोखंडाला
एकमेकांत मिसळून जाड व्हायची खोडच असते.

पोटॅशचं काम निराळं.
ते मला केणींनी शिकवलं. मोरेश्वर केणी, माहुलचे,
रात्रपाळीचे ऑपरेटर, दहावीला दोनदा बसलेले.
"नायट्रोजन म्हणजे दोन सख्खे भाऊ, मधे तीन गाठी.
हायड्रोजन दारात उभा राहिला तरी ढुंकून बघत नाहीत.
पोटॅशकडे एकच इलेक्ट्रॉन सुटा, तोही त्याला जड.
लोखंडाच्या खिशात टाकतो.
लोखंड तो भावांच्या मधे सरकवतं,
आणि वाटण्या सुरू होतात, मॅडम."
मग बशीतला चहा.
"माल तयार झाला की हाच म्हणतो, निघा आता, मागच्याला जागा द्या.
स्वतः कशातच नाही.
अमोनियात शोधा, सापडायचा नाही."

हेच केणी आमच्या सोसायटीचे चीफ प्रमोटर.
हरितकण सहकारी गृहनिर्माण संस्था, नियोजित.
चेंबूर नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानासमोर
पावतीपुस्तक घेऊन उभे,
रजिस्ट्रारच्या कचेरीत चौतीस खेपा,
गोखल्यांना आणि सोनकांबळ्यांना
एका सतरंजीवर बसवलं, ते वेगळंच.
इमारत उठली, लिफ्ट आली, नावांची पाटी लागली.
पाटीवर केणी नाहीत.
हप्ते जमले नाहीत, कोणी म्हणालं.
मुलीचं आजारपण, कोणी म्हणालं.
मी तिसऱ्या मजल्यावर राहते.

उपमा सुबक बसत होती. फारच सुबक.

गेल्या साली पवईला एका पडद्यावर पाहिले
पोटॅशियमचे अणू, लोखंडावर,
कवायतीला उभे केल्यासारखे ओळीत.
मी विचारलं, चालू भट्टीतही असेच?
यंत्रावरचा मुलगा हसला.
"हे निर्वातातलं आहे, मॅडम.
तिथे साडेचारशे अंश, दोनशे वातावरणांचा दाब,
तिथे कोण डोकावणार?
फिरत असतील. ऑक्सिजनला धरून बसत असतील.
जास्त झाले तर तेच जागा अडवतात."

केणीही अडवायचे.
भर सभेत माझ्यावर ओरडले होते, पावती हरवली म्हणून.
आणि दोन हप्त्यांचा हिशेब
अजून कोणाला लागलेला नाही.
आम्ही त्यांना कागदावर पाहिलं, ओळीत, शाईत;
तापलेले असताना त्यांच्या आत काय हलत होतं
ते मला माहीत नाही.

खडा कुटला, आम्लात विरघळवला, तार बुडवून ज्योतीत धरली.
पिवळी. नुसती पिवळी.
सोडियम. खाडीवरचा वारा, माझ्या बोटांचा घाम,
या शहरात कशालाही मीठ लागलेलंच असतं.
पोटॅशचा जांभळा फिका,
पिवळ्याच्या गोंगाटात दिसत नाही.
आकडा मीटर देतंच,
तरी खणातून कोबाल्टची निळी काच काढली,
डोळ्यासमोर धरली.
पिवळं विझलं.
दिसला, क्षणभर, जांभळाच्या सालीसारखा.

उरलं: शून्य दशांश चार.
गेलेलं कुठे गेलं, पुढच्या नळीत, की वाऱ्यावर,
त्याला रिपोर्टात रकाना नाही.

सही केली. केणींना फोन लावला.
वाजत राहिला.
दुपारचे दोन. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली,
पण रात्रपाळीचं अंग, झोपले असतील.